निळसर सिरम पांढरं का झालं? लायपोसोमच्या आकाराचं एक प्रकरण

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसातला कारखाना चालवणाऱ्या अक्कांचा फोन आला. "सर, बाटल्यांच्या तळाला चुना बसल्यासारखं दिसतंय. सगळ्याच बाटल्यांत. जमलं तर आत्ताच या." बेळगावची डिसेंबरातली सकाळ, स्वेटर चढवून गाडी काढली आणि खानापूर रोडनं मच्छेला पोहोचलो तेव्हा कारखान्याचं शटर अर्धंच वर गेलेलं होतं. अक्का आत बाटल्यांच्या क्रेटसमोर उभ्या होत्या, बॅच करणारे मामा पातेलं धुवून बाजूला बसले होते आणि कुणी काही बोलत नव्हतं.

कारखाना म्हणजे औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. तेलं, साबण, क्रीम असा माल तिथं बनतो. निपाणीमार्गे कोल्हापूरला आणि चोर्ला घाटातून गोव्याला जातो. अक्कांना हळदीचं सिरम करायचं होतं. रायबाग-चिकोडीच्या पट्ट्यात हळद पिकते, ती सांगलीच्या बाजारात जाते आणि आपल्याकडं परत येते ती दुसऱ्याच कुणाच्या पुड्यांतून, ही त्यांची जुनी खंत. पण हळदीतलं कर्क्युमिन चेहऱ्याला लावलं तर कातडी पिवळी होते. म्हणून आम्ही टेट्राहायड्रोकर्क्युमिन निवडलं. कर्क्युमिनला हायड्रोजन जोडून ते तयार होतं आणि त्याला तो पिवळा रंग नसतो. ते पाण्यात मात्र जवळजवळ विरघळतच नाही. त्याला पाण्यात सांभाळून ठेवायला काहीतरी स्निग्ध घर लागतं, आणि ते घर म्हणून आम्ही लायपोसोम घेतले, म्हणजे लेसिथिन या सोयाबीनमधल्या स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म पोकळ गोळ्या. मी या कामात फॉर्म्युलेशनचा सल्लागार होतो, त्यामुळं जे बिघडलं त्यात माझाही वाटा आहे. तो पुढं येईलच.

ऑक्टोबरमध्ये मी स्वतः ५०० मिलीलिटरच्या बीकरमध्ये केलेली नमुन्याची बाटली बरोबर आणली होती. खिडकीसमोर धरली की तिच्यात नीळ घातलेल्या पाण्यासारखी निळसर झाक दिसायची, आणि तिच्यातून पेटलेल्या बल्बकडं बघितलं की बल्ब नारिंगी दिसायचा. अक्कांच्या हातातली बाटली २० लिटरच्या बॅचमधली होती. ताकासारखी पांढरीफटक, आणि खाली दोन मिलिमीटरचा थर. हलवली की थर उठायचा, पण त्याचे बारीक पापुद्रे काचेला चिकटून राहायचे. घटक तेच होते, पुरवठादार तोच, लेसिथिनची पिशवीसुद्धा तीच.

ही निळी झाक नुसती दिसायला सुंदर नसते. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच लहान कण निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि तांबडा सोडून देतात. आकाश निळं आणि मावळतीचा सूर्य नारिंगी दिसतो तो याच कारणानं. कण मोठे झाले की सगळे रंग सारखेच विखुरतात आणि द्रव पांढरा दिसतो. म्हणजे यंत्र जवळ नसतानाही काय झालंय ते खिडकीनं सांगितलं होतं. तरीही दोन्ही नमुने शहरातल्या एका प्रयोगशाळेत डीएलएसला पाठवले. या पद्धतीत कणांवर लेझर टाकतात, पाण्यात ते किती चपळपणे थरथरतात ते विखुरलेल्या प्रकाशाच्या चढउतारांवरून मोजतात, आणि त्या चपळाईवरून आकार काढतात. नमुन्याची बाटली: सरासरी ११८ नॅनोमीटर, पीडीआय ०.१६. बॅचची बाटली: ४३१ नॅनोमीटर, पीडीआय ०.४९.

पीडीआय हा आकारांच्या विखुरलेपणाचा आकडा आहे. ०.२ च्या आत असला तर कण बऱ्यापैकी एकसारखे आहेत असं धरून चालतो. ०.४९ म्हणजे भाजीच्या पाटीत वाटाण्यापासून भोपळ्यापर्यंत सगळं आहे, आणि अशा वेळी "सरासरी ४३१" या आकड्यावर फारसा भरवसा ठेवू नये. त्यातही लहान कणाचं विखुरणं त्याच्या व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतं. दहापट मोठा एक कण दहा लाख लहान कणांइतका उजळू शकतो. त्यामुळं डीएलएसच्या आकड्यात मोठ्यांचाच आवाज जास्त असतो.

आता ४३१ नं बिघडतं काय? कण खाली बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गानं वाढतो. ११८ वरून ४३१ म्हणजे साडेतीन पटींहून थोडं जास्त, म्हणजे वेग तेरा पट. लहान कणाला पाण्याच्या रेणूंचे धक्केच वर तरंगत ठेवतात, मोठ्याला ते पुरत नाहीत. आमच्यासाठी आकाराचं पहिलं महत्त्व हे: बाटली दुकानात सहा महिने उभी राहिली पाहिजे. लहान लायपोसोम कातडीच्या "खोल थरात शिरतात" असं छापायची अक्कांची इच्छा होती, त्याला मी नकार दिला. कातडीचा सगळ्यात वरचा मृत थर बहुतेक ठिकाणी १० ते २० मायक्रॉन जाड असतो आणि अख्खे लायपोसोम तो ओलांडून जातात असं म्हणायला आधार नाही. ते वरच फुटतात, त्यांचं लेसिथिन त्या थरातल्या स्निग्धांशात मिसळतं आणि आतला पदार्थ तिथं सोडतं. तेवढं पुरेसं आहे आणि तेवढंच सांगावं.

मोदकाची पारी

पुढचं समजायला लायपोसोम कसा बनतो ते नीट पाहिलं पाहिजे. इंग्लंडमध्ये बाब्रहॅमला ॲलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लेसिथिन पाण्यात आपोआप पापुद्र्यांच्या गोळ्या करतं हे पाहिलं, आणि १९८६ मध्ये दिओरनं कॅप्चर नावाचं क्रीम आणून ती गोष्ट सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर आणली. लेसिथिनच्या रेणूला एक पाणी आवडणारं डोकं आणि दोन पाणी टाळणाऱ्या शेपट्या असतात. दोन शेपट्यांमुळं रेणूचा आकार साधारण दंडगोल होतो, म्हणून ते शेजारी-शेजारी उभे राहून पत्रा करतात. दोन पत्रे शेपट्या आत घालून एकमेकांना चिकटतात आणि चार-पाच नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा तयार होतो. साबणाच्या रेणूला बहुधा एकच शेपटी असते, तो पाचरीसारखा असतो, म्हणून साबणाचे लहान भरीव गोळे होतात, ज्यांना मिसेल म्हणतात.

अल्कोहोलमध्ये विरघळलेलं लेसिथिन पाण्यात सोडलं की आधी या पापुद्र्याच्या लहान चकत्या होतात. चकतीच्या कडेला शेपट्या उघड्या पडतात आणि पाण्याला त्या नको असतात. चकत्या एकमेकींना कडेनं चिकटून वाढतात. जितकी चकती मोठी तितकी कड लांब, तितका तो त्रास जास्त. एका टप्प्यावर कड उघडी ठेवण्यापेक्षा वाकून मिटणं स्वस्त पडतं आणि चकती मिटून पोकळ गोळी होते. उकडीच्या मोदकाची पारी हातात वळून, कळ्या पाडून मिटतो तसंच. पारी लहान असताना मिटली तर मोदक लहान. पारी थापत बसलो तर मोदक मोठा.

यातली एक गोष्ट मला आजही चकित करते. पापुद्रा वाकवायला लागणारी ऊर्जा वक्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि गोळीचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या. दोन्ही गुणले की त्रिज्या गणितातून निघूनच जाते. गोळी २५ नॅनोमीटरची असो की २५० ची, ती वाकवून मिटवायला लागणारी एकूण ऊर्जा तितकीच. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी कागद घेऊन दोनदा गणित मांडलं होतं. याचा अर्थ असा की लेसिथिनला स्वतःचा असा आवडता आकार नाही. मिसेलचा आकार रेणूच ठरवतो, तुम्ही कसंही ढवळा. लायपोसोमचा आकार मात्र तो कुठल्या वाटेनं बनला त्यावर ठरतो. मिटण्याआधी चकतीला वाढायला किती वेळ मिळाला, तिच्या आजूबाजूला किती चकत्या होत्या, ती मऊ होती की ताठ. एकदा मिटली की ती तिथं अडकते, आणि म्हणूनच एकाच पिशवीतल्या लेसिथिनपासून ११८ पण होतात आणि ४३१ पण.

मऊ की ताठ हे आमच्या बाबतीत फार महत्त्वाचं होतं. साधं सोयाबीनचं लेसिथिन हवेतल्या ऑक्सिजननं खवट होतं, पिवळं पडतं. म्हणून आम्ही हायड्रोजनेटेड घेतलं होतं. तेलाला हायड्रोजन लावला की त्याचा डालडा होतो आणि तो थंडीत घट्ट बसतो, लेसिथिनचंही तेच. हायड्रोजनेटेड सोया लेसिथिनचा पापुद्रा साधारण ५० अंश सेल्सिअसच्या वर मऊ असतो, त्याखाली ताठ. ताठ चकती वाकत नाही. गार उकडीची पारी जशी कळ्या पाडताना चिरते, तशी ती मिटायच्या आधी तुटते, नाहीतर चकत्या एकमेकींवर थप्पी होऊन पापुद्रे होतात. बाटलीच्या काचेला चिकटलेले ते बारीक पापुद्रे हेच होते.

आधी चुकलेल्या वाटा

हे सगळं आत्ता सरळ लिहिलंय, पण त्या आठवड्यात आमचं डोकं भलतीकडंच होतं. पहिला संशय पाण्यावर. नमुन्याला मी बाटलीबंद शुद्ध पाणी वापरलं होतं, कारखान्यात बोअरचं पाणी सॉफ्टनरमधून यायचं. सॉफ्टनर कॅल्शियम काढतो पण त्याजागी सोडियम सोडतो. टीडीएस मीटरचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा जवळपास तिथंच राहतो. लेसिथिनमध्ये ऋण प्रभार असलेले काही घटक असतात आणि त्या प्रभारामुळंच कण एकमेकांना दूर ठेवतात. पाण्यात क्षार जास्त असले की हा प्रभार झाकला जातो. तर्क बरोबर होता. आरओचं पाणी घेऊन पुन्हा २० लिटर केलं आणि आकडा आला ३९४. सुधारणा झाली, पण जखमेवर फुंकर घातल्याएवढीच. आरओ आम्ही कायम ठेवलं.

दुसरी वाट यंत्राची. एका विक्रेत्यानं उच्च दाबाच्या होमोजिनायझरचं कोटेशन दिलं, कित्येक लाखांचं. ते यंत्र लायपोसोमचा द्रव शेकडो बार दाबानं बारीक फटीतून ढकलतं आणि मोठ्या गोळ्या फाडून लहान करतं. मोठ्या कारखान्यांत ते चालतं आणि उत्तम चालतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अक्का बँकेत जाऊन कर्जाची चौकशीही करून आल्या होत्या. मी त्यांना एवढंच म्हणालो, "अक्का, बीकरमध्ये यंत्राशिवाय ११८ आलेत. बीकरमध्ये जे घडतं ते पातेल्यात का घडत नाही ते कळल्याशिवाय कर्ज काढू नका." त्यांनी महिनाभर थांबायचं कबूल केलं. घरात यावरून बोलणी झाली असणार, पण त्यांनी शब्द पाळला.

तिसरी चूक मोजण्यातली. दुसऱ्या एका ठिकाणी पाठवलेल्या त्याच बाटलीचा अहवाल २१० नॅनोमीटर आला. दोन दिवस आम्ही आनंदात होतो. चौकशी केल्यावर कळलं की नमुना जवळजवळ तसाच, पातळ न करता यंत्रात ठेवला होता. दाट नमुन्यात प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर उड्या मारत बाहेर येतो आणि आकार खोटा लहान दिसतो. त्यानंतर आम्ही लिहूनच पाठवू लागलो: ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेल्या पाण्यात शंभरपट पातळ करा, तापमान २५ अंश, आणि आलेख पाठवा, नुसता आकडा नको.

मामांच्या शेजारी उभं राहून

चौथ्या दिवशी मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. मामांना म्हटलं, तुम्ही नेहमीसारखी बॅच करा, मी फक्त बघतो. सकाळचे आठ, गाळ्यातला पारा १६ अंशांवर.

मामांनी पातेल्यात पाणी ६० अंशांपर्यंत तापवलं आणि ज्योत नको म्हणून, माझ्याच सांगण्यावरून, गॅस बंद करून दार उघडं ठेवलं. अल्कोहोलमध्ये लेसिथिन गरम पाण्याच्या टबात विरघळवलं, छान पारदर्शक झालं. मग ते स्टीलच्या नरसाळ्यात ओतलं आणि नरसाळं पातेल्याच्या कडेवर टेकवलं. धार भिंतीला लागून पाण्याच्या पृष्ठभागावर पडू लागली. ढवळायचं पाखं मधोमध संथ फिरत होतं. मी नरसाळ्यात वाकून बघितलं. गार स्टीलला लागून द्रवाला साय धरली होती. पातळ पांढरी साय, दुधावर येते तशी. लेसिथिन पाण्यात पोहोचायच्या आधीच गोठत होतं. शेवटची धार पडली तेव्हा पातेल्यातलं पाणी ४४ अंशांवर आलेलं.

आणखी एक गोष्ट तिथंच कळली. माझ्या कृतीत २० लिटरला २ लिटर अल्कोहोल होतं, मामा १ लिटरच वापरत होते. अल्कोहोल ठेवायला परवाना लागतो, नोंदवही लागते. आमच्या जिल्ह्यात उसाच्या कारखान्यांतून इथेनॉलचे टँकर रोज रस्त्यानं जातात, पण लहान कारखान्याला प्रसाधनाच्या प्रतीचं थोडं अल्कोहोल मिळवायला बरेच कागद करावे लागतात. मामांनी मालाची बचत केली होती, चांगल्या हेतूनं. कृतीत मी "अल्कोहोल: आवश्यकतेनुसार, २ लिटरपर्यंत" असं लिहिलं होतं. ते "पर्यंत" माझं होतं. प्रमाण का महत्त्वाचं आहे ते मी लिहिलंच नव्हतं.

तीन संशयित हातात होते: दाटपणा, गारठा आणि ओतण्याची जागा. एक-एक लिटरच्या लहान बॅचमध्ये एका वेळी एकच गोष्ट बिघडवून पाहिली, बाकी सगळं बीकरसारखं, म्हणजे सिरिंजच्या सुईनं पाख्याजवळ, पाण्याच्या आत सोडलेलं. फक्त अल्कोहोलमधलं लेसिथिन मिलीलिटरला ६० ऐवजी १२० मिलिग्रॅम केलं: १६४ नॅनोमीटर, पीडीआय ०.२१. फक्त पाणी ४० अंशांवर ठेवलं: २३६, पीडीआय ०.३८, वर तरंगणारे पापुद्रे. फक्त नरसाळ्यानं भिंतीलगत ओतलं: २८७, पीडीआय ०.४१.

दाटपणाचा परिणाम अपेक्षेप्रमाणे होता. अल्कोहोल सोडण्याच्या पद्धतीत लिपिड, म्हणजे इथं लेसिथिन, वाढलं की आकार वाढतो हे १९७७ पासून छापील आहे. पण सगळ्यात मोठा गुन्हेगार ओतण्याची पद्धत निघाली. कारण पारीचंच. धार भिंतीलगत पडते तेव्हा अल्कोहोलचा एक ढग पाण्यावर पसरतो आणि त्याच्या कडेनं हळूहळू पाणी आत शिरतं. अल्कोहोल भरपूर असताना चकतीच्या उघड्या कडेला त्रास कमी होतो, अल्कोहोल तिला सांभाळून घेतं. म्हणून चकत्या मिटत नाहीत, एकमेकींना चिकटत वाढत राहतात. सुईच्या टोकाशी तेच अल्कोहोल क्षणार्धात पाण्यात विरून जातं, चकती उघडी पडते आणि लहान असतानाच मिटते. सगळा खेळ त्या पहिल्या क्षणात संपतो. नंतर तासभर ढवळलं तरी मिटलेल्या गोळ्यांना त्याचं काही वाटत नाही.

लेथवाले काका

२० लिटरला सुई पुरत नाही. मग ठरवलं की पातेल्यात ढवळायचंच नाही. पाणी आणि अल्कोहोल दोन नळ्यांतून येऊन एका टी-जोडात भेटतील आणि तयार द्रव पातेल्यात पडेल. हिशोब असा केला. पाणी मिनिटाला ९०० मिलीलिटर, ३ मिलिमीटर भोकातून. अल्कोहोल मिनिटाला १०० मिलीलिटर, १ मिलिमीटर भोकातून. दोन्हींचा वेग सेकंदाला साधारण २.१ मीटर येतो, म्हणजे कुणी कुणाला मागं रेटत नाही. जोडानंतरच्या ३ मिलिमीटर नळीत रेनॉल्ड्स आकडा, म्हणजे प्रवाह किती खळबळीचा ते सांगणारा आकडा, दहा हजारांच्या वर जातो. प्रवाह घुसळत जातो आणि मिसळण्याचं काम काही मिलिमीटरच्या आत होतं. २० लिटरला २० मिनिटं.

टी-जोड उद्यमबागेत करून घेतला. बेळगावची ही बाजू आपण प्रसाधनवाले विसरतो: फाउंड्री, क्रँकशाफ्ट, हायड्रॉलिकचे पंप यांत इथल्या कारागिरांच्या पिढ्या गेल्यात. लेथवाल्या काकांनी ३१६ स्टीलचा तुकडा चकमध्ये धरला, एक मिलिमीटरचं भोक पाडताना तेल घालत-घालत ड्रिल मागं-पुढं घेत राहिले, आणि शेवटी भोकाच्या तोंडावरची बारीक कड सुईच्या फाइलनं हातानं काढली. "एवढ्या बारीक भोकाचं काय करणार वो सर?" मी सांगितलं. त्यांनी जोड उजेडासमोर धरून आरपार बघितलं आणि मग माझ्या हातात दिला.

पहिली बॅच १४१ नॅनोमीटर, पीडीआय ०.२७. सरासरी ठीक, पण विखुरलेपणा मला खटकला. काका उत्सुकतेनं बघायला आले होते. ते नळीजवळ उभे राहिले, दोन बोटं नळीवर ठेवली आणि म्हणाले, "पंप ठोका मारूलालाय की वो सर." आमचे पंप पेरिस्टाल्टिक होते, फिरता रोलर नळी दाबत जातो आणि प्रत्येक रोलर सुटताना प्रवाहाला हिसका बसतो. पाण्याचा ठोका आणि अल्कोहोलचा ठोका वेगवेगळ्या तालात. म्हणजे सेकंदात कित्येकदा दोघांचं प्रमाण बदलत होतं. डीएलएसनं ०.२७ असं सांगितलेलं काकांच्या बोटांना आधीच कळलं. हायड्रॉलिकमध्ये यावर अक्युम्युलेटर लावतात, हे त्यांच्या रोजच्या कामातलं. त्यांनी दोन्ही नळ्यांवर एक-एक उभी बंद नळी बसवून दिली; तिच्यातला वायू ठोक्याला दबतो आणि मग परत सोडतो. अल्कोहोलच्या बाजूला हवेऐवजी नायट्रोजन भरला, कारण गरम अल्कोहोलच्या वाफेजवळ हवा ठेवणं मला मान्य नव्हतं. अल्कोहोलची नळी गरम पाणी फिरणाऱ्या दुसऱ्या नळीत घातली, म्हणजे वाटेत साय धरणार नाही. सगळी भांडी अर्थिंगला जोडली. पुढची बॅच १२४ नॅनोमीटर, पीडीआय ०.१५.

मध्ये एकदा वीज गेली. पंप थांबले, पण अल्कोहोलचं भांडं उंचावर होतं आणि चार मिनिटं अल्कोहोल सायफननं पातेल्यात झिरपत राहिलं. ती बॅच खिडकीसमोर पांढुरकी दिसली आणि आलेखात दुसरा डोंगर आला. आता अल्कोहोलच्या नळीवर वीज गेली की आपोआप बंद होणारी झडप आहे आणि पंप यूपीएसवर. सुरुवातीचे २०० मिलीलिटर बाजूच्या भांड्यात सोडतो, प्रवाह स्थिर झाल्यावरच पातेल्याकडं वळवतो. मामांना हे समजावायची गरज पडली नाही. म्हशीची पहिली धार जमिनीवर सोडतात तसं, असं तेच म्हणाले.

सुगंधानं केलेला घोळ

जानेवारीत सगळं सुरळीत झालं असं वाटत असतानाच अक्कांनी आनंदानं बाटली दाखवली. "बघा, आता किती स्वच्छ झालंय!" सिरम जवळजवळ काचेसारखं पारदर्शक. माझ्या पोटात गोळा आला. लायपोसोमचा द्रव थोडा तरी धूसर असतोच. चौकशी केली तर लायपोसोम गरम असतानाच जेलमध्ये सुगंध घातला होता, आणि तो पाण्यात मिसळावा म्हणून त्याच्यासोबत सर्फॅक्टंट, म्हणजे साबणाच्या जातीचा पदार्थ. सर्फॅक्टंटचे पाचरीसारखे रेणू पापुद्र्यात घुसतात, चकतीच्या कडेला बसून कडेचा त्रास मिटवतात. मग मिटून राहायचं कारणच उरत नाही. गोळ्या उलगडतात आणि लेसिथिन-सर्फॅक्टंटचे बारीक मिसेल होतात. मऊ, गरम पापुद्रा तर फारच लवकर उलगडतो. डीएलएसनं मुख्य डोंगर १२ नॅनोमीटरला दाखवला आणि १२० ला एक उरलेली टेकडी.

गिऱ्हाइकाला पारदर्शक सिरम आवडतं, हे अक्कांचं म्हणणं खरं होतं. पण आमचं घर मोडून ती पारदर्शकता आली होती. घराबाहेर पडलेलं टेट्राहायड्रोकर्क्युमिन काही आठवड्यांत स्फटिक होऊन खाली आलं, तेव्हा त्यांनाही पटलं. आता सुगंध अगदी थोडा, लेसिथिनच्या अल्कोहोलमध्येच विरघळवून घालतो, वेगळा सर्फॅक्टंट नाही. जेल झँथन गमचं, आणि मिश्रण ३० अंशांखाली आल्यावरच.

रोजच्या तपासणीला डीएलएस परवडत नाही. मामा एका साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४५० आणि ६५० नॅनोमीटरला पातळ नमुन्याची धूसरता मोजतात आणि पहिलीला दुसरीनं भागतात. अगदी बारीक कणांसाठी हा भागाकार ४.३५ च्या आसपास जाऊ शकतो, मोठ्या कणांना तो १ कडे सरकतो. आमच्या चांगल्या बॅचचा भागाकार एका ठरावीक पट्ट्यात येतो. त्याच्याखाली आला की बॅच थांबते आणि मगच नमुना शहरात जातो. शिवाय खिडकी आहेच.

कृतीचा कागद मी पुन्हा लिहिला. "पर्यंत" काढून टाकलं. मिलीलिटरला ६० मिलिग्रॅम, पाणी आणि अल्कोहोल दोन्ही ६० अंश, ५५ खाली गेलं तर थांबा, आणि प्रत्येक आकड्यासमोर तो तितकाच का, याची एक ओळ. मामांच्या सूचनेवरून नरसाळ्यातल्या सायीचा फोटोही त्यात चिकटवला.

पहिल्या दुरुस्त बॅचच्या दोन बाटल्या कपाटात ठेवल्या होत्या. ९० दिवसांनी मोजल्या: १२९ नॅनोमीटर, पीडीआय ०.१७, तळाला काही नाही. एक बाटली गोव्याला जाऊन घाटातून परत आली, तीही तशीच. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत काय होतं त्याची चाचणी अजून चालू आहे. गाडीतला पारा ५० कडं गेला तर पापुद्रा मऊ होऊन कण एकमेकांत मिसळायला मोकळे होतील, म्हणून उन्हाळ्याचा माल सध्या रात्रीच्या गाडीनंच पाठवतो.

आता कोल्हापूरच्या मागणीसाठी १०० लिटर हवेत. अक्का म्हणाल्या, मोठ्या भोकाचा टी करू. मी नको म्हटलं. भोक वाढवलं की मिसळायला लागणारं अंतर आणि वेळ वाढतो, पुन्हा पारीला थापायला सवड मिळते. तसेच आणखी चार जोड लावायचे, एकाच मापाचे, शेजारी-शेजारी. उद्यमबागेत काकांना फोन केला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ड्रॉइंग तेच ना वो सर, एक मिलिमीटरचं?

होय म्हटलं.